पाण्याचा नमुना टाकीतून नको, स्वयंपाकघराच्या नळातून घ्या

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापकीय समिती

विषय : पिण्याच्या पाण्याची रासायनिक तपासणी

सप्रेम नमस्कार.

सूचना फलकावरचा पाण्याचा अहवाल वाचला. पीएच, गढूळपणा, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार), कठीणपणा, क्लोराइड आणि खाली शेरा : 'पिण्यास योग्य'. जेवढे तपासले तेवढ्यापुरता तो खराही असेल. पण नमुन्याची जागा 'गच्चीवरची टाकी' अशी लिहिली आहे. टाकीतून थेट कोणी पाणी पीत नाही. ते पाइपातून उतरते, रात्रभर पितळी नळात आणि सांध्यांत मुरते आणि मग सकाळी भांड्यात पडते. शिसे पाण्यात उतरते ते बहुधा याच शेवटच्या टप्प्यात. पीव्हीसी पाइपमधल्या शिशाच्या वापराबाबत केंद्र सरकारने 2021 मध्ये नियम आणले. आपली इमारत त्याआधीची आहे.

मागच्या सभेत टीडीएस मीटर फिरवून दाखवण्यात आला. हा मीटर पाण्यातून वीज किती वाहते एवढेच पाहतो आणि त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज देतो. आयएस 10500 या भारतीय मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे, शिशाची 0.01. म्हणजे पन्नास हजारावा हिस्सा. एवढ्याशा शिशाने मीटरचा आकडा हलणारही नाही.

दुसरी बाब बोअरची. नळपुरवठ्याचे पाणी सरकारी यंत्रणा तपासते, पण ते इमारतीच्या पाणी-मीटरपर्यंत. पुढे त्यात बोअरचे पाणी मिसळतो आपण, त्यामुळे त्याची जबाबदारीही आपलीच. बोअरच्या पाण्यात सांडपाणी झिरपत असेल तर नायट्रेट वाढते. त्याला रंग, वास, चव काही नाही. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने प्रमाण वाढते. मानकाची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम, आणि त्यात सवलत नाही. सर्वांत जास्त धोका सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावर असलेल्या बाळांना : अशा पाण्यात कालवलेल्या दुधाने रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. फलकावरच्या अहवालात नायट्रेटचा रकानाच नाही.

'घरोघरी फिल्टर आहेत की' हे उत्तर मला ठाऊक आहे. आरओने शिसे आणि नायट्रेट बरेच कमी होते, नुसत्या यूव्हीने दोन्हींपैकी काहीच नाही. कोणाला कोणता फिल्टर लागेल हे आकडे कळल्याशिवाय कसे ठरवायचे?

म्हणून विनंती अशी की पुढचे नमुने निरनिराळ्या मजल्यांवरच्या घरांतून, स्वयंपाकघराच्या नळातून घ्यावेत. शिशासाठी रात्रभर नळ बंद ठेवून सकाळचे पहिलेच लिटर, आणि पाणी थोडा वेळ वाहू दिल्यावर दुसरे. दोन्हींत फरक पडला तर दोष घरातल्या नळ-सांध्यांत आहे की त्याच्या मागे, याचा अंदाज येतो. आधी नळ सोडून मग बाटली भरली की अहवाल हमखास चांगला येतो. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात 2014 मध्ये पाण्याचा स्रोत बदलला, पाइप झिजू नयेत म्हणून घालायचे रसायन घातले नाही, आणि शिसे घरोघरी पोहोचले. तिथेही नमुन्याआधी नळ सोडून ठेवायला सांगितले जात होते.

प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त असावी, आणि ती मान्यता नेमक्या याच चाचण्यांसाठी आहे का ते पाहावे. बाटल्या त्यांच्याकडूनच आणाव्यात. धातूंच्या नमुन्यात आम्ल घालावे लागते, आपल्या प्लंबरची धुतलेली बाटली चालणार नाही. अहवालात 'आढळले नाही' असे असेल तर यंत्राला किमान किती प्रमाण कळते तेही मागावे. लिटरला 0.05 मिलिग्रॅमच्या खालचे ज्याला दिसत नाही त्याने शिसे 'आढळले नाही' म्हटले तर त्याला काही अर्थ नाही.

बोअरची तपासणी पावसाळ्याआधी आणि नंतर व्हावी. टँकर मागवला किंवा बोअरच्या पाण्याचे प्रमाण वाढवले तर त्याच दिवशी फलकावर लिहावे. अहवाल शेऱ्यासह नव्हे, सगळ्या आकड्यांसह लावावा.

हा विषय पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा आणि निर्णय इतिवृत्तात नोंदवावा. पहिला नमुना माझ्या घरून घेतला तरी चालेल. आदल्या रात्री कळवा, म्हणजे सकाळी कोणी नळ सोडणार नाही.

आपली,
एक सभासद