फाइलमधल्या ओळीचं ऑब्जेक्ट होताना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत फाइल उघडून ओळी छापता येतात, क्लासही (ऑब्जेक्टचा साचा) लिहिता येतो, पण फाइलमधल्या ओळींची ऑब्जेक्ट्स कशी करायची तिथे गाडी अडते, असं तू लिहिलंस. अडलास ते अगदी योग्य जागी. बहुतेक ठिकाणी फाइलचा धडा वेगळा शिकवतात आणि क्लासचा वेगळा. मधला रस्ता शिकणाऱ्याने आपला आपण शोधायचा असतो. खरं काम तर त्याच रस्त्यावर असतं, म्हणून आज निवांत बसून लिहितोय.

उदाहरण तुझ्या घरचंच घेतो, अण्णांच्या दूध संकलन केंद्राचं. समज, एका वेळच्या संकलनाची फाइल आहे आणि तिच्यात अशी एक ओळ आहे: १०४,७.५,३.८,८.४,३३.१०,गाय. खाते क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), दर आणि दुधाचा प्रकार. तुला नि मला ती वाचताच कळते. पायथनला मात्र ती फक्त अक्षरांची एक माळ दिसते. स्वल्पविरामावर स्प्लिट केलंस की एका माळेच्या सहा छोट्या माळा होतात, एवढंच. ७.५ हा अजूनही आकडा झालेला नाही, मजकूरच आहे. अशा अवस्थेत सकाळचे ७.५ आणि संध्याकाळचे ६ यांच्यामध्ये अधिकचं चिन्ह टाकलंस, तर पायथन दोन्ही मजकूर एकमेकांना चिकटवतो आणि उत्तर देतो ७.५६. नीट बघ याच्याकडे. चूक दाखवणारा संदेश नाही, प्रोग्राम थांबला नाही आणि उत्तर दिसायला चक्क लिटरसारखं आहे. १३.५ लिटर घालणाऱ्याचे सहा लिटर गेले आणि कुणाला पत्ताही नाही. तुलनेचंही तसंच. मजकूर म्हणून १०.५ हे ९ पेक्षा लहान ठरतं, कारण पहिलं अक्षर १ आहे.

आता क्लासकडे ये. पायथन ३ मध्ये क्लासची आणि व्हेरिएबलची नावं देवनागरीत ठेवता येतात, म्हणून आपण क्लासला सरळ 'नोंद' म्हणू. तिच्या इनिटमध्ये, म्हणजे नवं ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या भागात, सहा गोष्टी येतील: खाते, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, प्रकार. त्या सेल्फवर, म्हणजे त्या ऑब्जेक्टवरच, ठेवायच्या. शिवाय तिला 'रक्कम' नावाची मेथड (क्लासमधलं फंक्शन) दे, जी लिटर गुणिले दर करून उत्तर देईल. वरच्या ओळीची रक्कम २४८.२५ रुपये. फाइलमध्ये रकमेचा वेगळा रकाना असला तरी तो ऑब्जेक्टमध्ये साठवू नकोस. उद्या कुणी लिटर दुरुस्त केले आणि रक्कम तशीच राहिली, तर एकाच नोंदीत दोन परस्परविरोधी गोष्टी होतील. जे मोजून काढता येतं ते मोजूनच काढावं.

इथपर्यंत तुला येतंच. आता तुझा प्रश्न. ओळ फोडायची कुठे, आकडे करायचे कुठे? नवशिका हे सगळं इनिटमध्ये कोंबतो, म्हणजे इनिटला अख्खी ओळ देतो आणि तिथेच स्प्लिट करतो. चालतं, पण मग नोंद त्या एका फाइलशी जखडली जाते. उद्या अण्णांनी फॅट मशीन थेट संगणकाला जोडलं आणि आकडे तिथून येऊ लागले, तर नोंद तयार करायला आधी खोटी ओळ रचावी लागेल. म्हणून इनिटला तयार, शुद्ध किमती घेऊ दे. ओळीसाठी वेगळी क्लासमेथड (ऑब्जेक्टवर नव्हे, थेट क्लासवर चालणारी मेथड) लिही आणि तिचं नाव ठेव 'ओळीतून'. ती एक ओळ घेईल, दोन्ही टोकांची रिकामी जागा काढेल, फोडेल, प्रत्येक तुकड्याला त्याचं योग्य रूप देईल आणि शेवटी क्लासलाच हाक मारून नवी नोंद परत करेल. पायथनच्या स्वतःच्या भांडारात हीच पद्धत आहे. तारखेचा ऑब्जेक्ट वर्ष, महिना, दिवस देऊन बनतो, आणि मजकुरातली तारीख द्यायची असेल तर फ्रॉमआयएसओफॉरमॅट नावाची वेगळी क्लासमेथड असते.

सगळ्या पत्रात मला तुला एकच गोष्ट पटवायची आहे, ती इथे सांगतो. केंद्रावर दूध आलं की आधी नमुना काढतात, फॅट आणि एसएनएफ बघतात आणि मगच ते मोठ्या कॅनमध्ये ओततात. एकदा मिसळल्यावर कुणाचं दूध खराब होतं हे शोधणं अशक्य. 'ओळीतून' ही तुझ्या प्रोग्रामची तपासणी आहे. मजकुराबद्दलची शंका घ्यायची ती तिथेच. मजकुराचा आकडा तिथेच होईल, रिकामा रकाना तिथेच पकडला जाईल. त्यापुढे जे ऑब्जेक्ट आत येईल त्यावर बाकीच्या सगळ्या प्रोग्रामने डोळे मिटून विश्वास ठेवायचा. नाहीतर बेरीज करताना तपासणी, बिल छापताना तपासणी, असं सगळीकडे पसरतं आणि नेमकी एक जागा राहून जाते.

आकड्यांचं रूप कोणतं, हेही इथेच ठरव. दशांशासाठी फ्लोट सगळ्यांना आधी आठवतं, पण फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. पार मागे शेपटाला एक ४ लागलेला असतो. पैशांसाठी डेसिमल वापर. डेसिमलला मजकूर दिला की तो जसाच्या तसा, पैशापैशापर्यंत अचूक घेतो. फाइलमधून तुला मजकूरच मिळतोय, म्हणजे तो थेट डेसिमलला दे. मध्ये फ्लोटला हात लावू नकोस. आणखी एक गोष्ट, जी मला फार आवडते. पायथनचे इंट (पूर्णांक), फ्लोट आणि डेसिमल मराठी अंक वाचतात! वहीत मराठी अंक लिहायची सवय असलेल्या माणसाने फाइलमध्येही तसेच टंकले, तरी काही बिघडत नाही. म्हणूनच खाते क्रमांक मी इंट करून घेईन. एरवी माझा सल्ला उलटा असतो: ज्याची कधी बेरीज करायची नाही तो क्रमांक मजकूरच राहू द्यावा, म्हणजे सुरुवातीची शून्यं टिकतात. पण इथे अर्ध्या ओळी मराठी अंकांत आणि अर्ध्या इंग्रजी अंकांत असतील, तर मजकूर म्हणून १०४ क्रमांकाची दोन वेगळी खाती होतील. इंट केलं की दोन्ही एक.

रिकाम्या जागेचं मी वर ओझरतं म्हटलं, पण तिचा त्रास मोठा आहे. फाइलमधून वाचलेल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी नवी ओळ सुरू करणारं अदृश्य चिन्ह असतं. आकड्याच्या आजूबाजूचं असं चिन्ह पायथन सोडून देतो. आपल्या ओळीत मात्र शेवटचा रकाना 'गाय' आहे. ते चिन्ह काढलं नाहीस तर 'गाय' आणि 'गाय अधिक अदृश्य चिन्ह' हे दोन वेगळे शब्द. तू जर 'प्रकार गाय असेल तर हे, नाहीतर म्हैस' असं लिहिलं असशील, तर गावातल्या सगळ्या गाई म्हशी होतील. फाइलच्या शेवटच्या ओळीपुढे ते चिन्ह कधीकधी नसतं, तसं असेल तर फक्त शेवटची गाय गाय राहील. असं काही दिसलं की टोकांची रिकामी जागा काढणारं स्ट्रिप चटकन आठव. आणि 'नाहीतर म्हैस' असं कधीच लिहू नकोस. गाय असेल तर गाय, म्हैस असेल तर म्हैस, तिसरं काही आलं तर ओळ नाकार.

आता वाचण्याचा फेरा. रिकामी लिस्ट घे, फाइल विथ वापरून उघड, पहिली शीर्षकाची ओळ सोड, मग प्रत्येक ओळीसाठी 'ओळीतून' ला हाक मारून मिळालेली नोंद लिस्टमध्ये अपेंड कर, म्हणजे शेवटी जोड. नोंद फेऱ्याच्या आत, प्रत्येक वेळी नवीन तयार झाली पाहिजे. फेऱ्याबाहेर एकच नोंद बनवून आत तिचे लिटर, फॅट बदलत गेलास आणि तीच अपेंड करत राहिलास, तर लिस्टमध्ये ओळींइतक्या जागा भरतील, पण सगळ्या जागी एकच नोंद असेल, शेवटच्या माणसाची. लिस्ट ऑब्जेक्टची प्रत काढून ठेवत नाही, त्याच ऑब्जेक्टकडे बोट दाखवते. हे पुस्तकात वाचून कळत नाही. मुद्दाम एकदा तसं लिहून बघ आणि लिस्ट छाप. डोक्यात कायमचं बसेल.

याचाच भाऊ शोभेल असा दुसरा प्रकार सभासदाच्या क्लासमध्ये भेटतो. दहा दिवसांचं बिल काढायचं तर प्रत्येक सभासदाकडे त्याच्या नोंदींची लिस्ट हवी. ती रिकामी लिस्ट इनिटच्या आत, सेल्फवर तयार कर. क्लासच्या अंगात, इनिटच्या बाहेर लिहिलीस तर ती सगळ्या सभासदांची सामाईक होते आणि प्रत्येकाच्या बिलावर अख्ख्या गावाचं दूध चढतं. सभासद शोधायला डिक्शनरी ठेव, खाते क्रमांकावरून. क्रमांक सापडला तर तोच सभासद वापर, नाही सापडला तरच नवा बनव.

चुकीच्या ओळीचं काय करायचं, यावर मी जरा कडक आहे. इंटरनेटवर तुला ट्राय, एक्सेप्ट आणि मग पास असं लिहिलेलं सर्रास दिसेल, म्हणजे ओळ बिघडली तर गुपचूप पुढे जा. इथे तसं करू नकोस. गाळलेली प्रत्येक ओळ म्हणजे पहाटे उठून धार काढलेल्या कुणाचे तरी पैसे आहेत. एन्युमरेट वापरून ओळीचा क्रमांक जवळ ठेव, आणि बिघडलेली ओळ, तिचा क्रमांक आणि कारण अशी वेगळी यादी बनव, जी अण्णा वहीशी पडताळून बघतील. एक खाचखळगा आधीच सांगतो. इंटला वेडावाकडा मजकूर दिला तर व्हॅल्यूएरर येते, डेसिमलला दिला तर इनव्हॅलिडऑपरेशन नावाची निराळी चूक येते, आणि ती व्हॅल्यूएररमध्ये मोडत नाही. दोन्ही पकड. फॅट ३.८ ऐवजी ३८ पडलं असेल तर रूपांतर विनातक्रार होईल. ते अडवायला इनिटमध्ये मर्यादा घाल. गाईचं फॅट साधारण ३ ते ५ आणि म्हशीचं ६ ते ८ च्या आसपास असतं, त्यामुळे १५ च्या वरचं काहीही नाकारायला हरकत नाही. आकडा कुठूनही आलेला असो, त्याला ही मर्यादा लागू पाहिजे, म्हणून ती 'ओळीतून' मध्ये न ठेवता इनिटमध्ये.

एक्सेलबद्दल थोडक्यात. तिथून सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली) फाइल काढताना सीएसव्ही यूटीएफ-८ हा पर्याय निवड, साध्या सीएसव्हीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होऊ शकतात. पायथनमध्ये उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग दे, कारण एक्सेल फाइलच्या अगदी सुरुवातीला एक न दिसणारी खूण ठेवतो आणि ती पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते. आकड्यात स्वल्पविराम असेल, समज १,२५० असं, तर साधं स्प्लिट त्याचे दोन तुकडे करेल. तेव्हा सीएसव्ही मॉड्यूलकडे वळ, त्याला अवतरणचिन्हांतला स्वल्पविराम ओळखता येतो. पण स्प्लिटने एकदा स्वतः करून बघितल्याशिवाय वळू नकोस. डेटाक्लासचंही तेच म्हणेन. पायथन ३.७ पासून ते आहे आणि इनिट लिहिण्याचे कष्ट वाचवतं, पण लिटरपुढे डेसिमल लिहिलं म्हणून ते मजकुराचा डेसिमल करून देत नाही. मजकूर दिलास तर मजकूरच राहतो.

आधी एकाच वेळच्या संकलनाची फाइल घे. एकूण लिटर आणि एकूण रक्कम काढ, अण्णांच्या वहीतल्या बेरजेशी ताड. जुळली नाही तर तुझा प्रोग्राम आणि नाकारलेल्या ओळींची यादी दोन्ही मला पाठव. सभासदांची नावं काढून फक्त खाते क्रमांक ठेव. सभासद आणि दहा दिवसांच्या बिलाचं ते जुळल्यानंतर बघू.

अण्णांना आणि काकूंना नमस्कार सांग. वहिनींना म्हणावं, दिवाळीला येतोय.

तुझाच,
मित्र