आधी शब्द घडू द्या, मग वही भरू द्या

संपादक महोदय,

पहिली-दुसरीच्या मुलांना लिहिता येत नाही, ही ओरड दरवर्षी होते आणि त्यावर उपायही दरवर्षी तोच सुचवला जातो: आणखी लिहून घ्या. फळ्यावरचे उतरवून काढा, एकेक शब्द पाच-पाच वेळा लिहा, शेवटी श्रुतलेखन. लहान मुलांना बरीच वर्षे शिकवल्यावर माझे मत पक्के झाले आहे की, पाहून उतरवणे म्हणजे लिहिणे नव्हे. 'कमल' सुबक अक्षरात पानभर उतरवणाऱ्या मुलाला 'मलम' लिहायला सांगा, ते पेन्सिल तोंडात धरून बसते. अक्षरे त्याच्या ओळखीचीच असतात, पण ऐकलेल्या शब्दाची फोड करून तो पुन्हा जुळवायचा कसा, हे त्याला कुणी करू दिलेले नसते.

या वयात लिहिताना मुलावर दोन ओझी एकदम पडतात. शब्दात कोणती अक्षरे आहेत हे ठरवायचे आणि त्याच वेळी अक्षराचे वळण, काना, शिरोरेघ सांभाळायची. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिले बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केले. त्यांच्या पद्धतीत मुलांच्या हाती सुटी अक्षरे दिली जातात, म्हणजे पेन्सिलीवर ताबा येण्याआधीच मूल शब्द रचू लागते. आपल्या लिपीला हे फार चांगले मानवते. न, क आणि काना अशी तीनच कार्डे द्या. 'नाक' जुळवून झाले की म्हणावे, आता याच कार्डांचा 'कान' कर. मूल आधी काना न-ला चिकटलेलाच ठेवून 'ना' आणि 'क' यांची अदलाबदल करते, वाचून पाहते, तर 'कना' होतो. मग बोट कान्यावर जाते, काना उचलून क-शेजारी येतो आणि शब्द होतो. काना नेमके काय काम करतो हे त्या क्षणी मुलाला जितके कळते, तितके बाराखडी घोकून कळत नाही. पुढे एकेक कार्ड बदलत जावे: कान, काम, घाम, घार, धार, धारा, तारा. प्रत्येक वेळी मुलाला एकच गोष्ट शोधायची असते, बाकीचा शब्द जागेवर तयार असतो.

कार्डे तीनच का, असे पालक विचारतात. वुड, ब्रूनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये लहान मुलांना ठोकळ्यांचा मनोरा रचायला मोठे माणूस कशी मदत करते, याचा अभ्यास मांडला. चांगली मदत करणारा काम सोपे करतो, म्हणजे मुलापुढचे पर्याय कमी करतो आणि मुलाला जमू लागले की हात मागे घेतो. यातला दुसरा भाग आपल्याकडे हमखास राहून जातो. कृतिपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत गाळलेल्या जागाच भरायला लावतात. मूल त्यात तरबेज होते आणि कोऱ्या ओळीपुढे अडते. म्हणून तीन कार्डांनंतर पाच द्यावीत, त्यांतली दोन नको असलेली. मग कार्डे काढून फक्त रिकाम्या चौकटी आखाव्यात. रशियन मानसशास्त्रज्ञ एल्कोनिन यांच्या चौकटींत प्रत्येक ध्वनीला एक घर असते. मराठीत मात्र प्रत्येक अक्षराला एक घर द्यावे, काना-मात्रेसकट. नंतर चौकटीही नकोत, नुसते चित्र. आणि शेवटी चित्रही नको.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो यापुढचा टप्पा, शब्दाला शब्द जोडून वाढवण्याचा. मुले 'बस्ला', 'कर्तो', 'पळ्ते' असे लिहितात. आपण लाल शाईने काट मारतो. पण मुलाचे कान बरोबर असतात, आपण बोलतो तसेच त्याने लिहिलेले असते. अशा वेळी 'बस' हे आख्खे कार्ड पुढे ठेवावे आणि शेजारी 'ला', 'ली', 'ले' लावून पाहायला सांगावे. बसला, बसली, बसले. 'बस' मोडत नाही हे डोळ्यांना दिसते आणि चूक आपोआप सुटते. 'झाड'पासून झाडावर, झाडाखाली, झाडामागे हेही तसेच. मग 'फूल' घ्यावे. 'फुलावर' करताना दीर्घ उकाराचे कार्ड काढून ऱ्हस्वाचे लावावे लागते. 'मूल' आणि 'मुलाला' यांत तेच घडते. व्याकरणाचा हा नियम तोंडाने सांगून दुसरीच्या मुलाला काय कळणार? दोन-चार शब्दांत स्वतः कार्ड बदलले की ते पाचव्या शब्दाला आपणहून विचारते, इथे पण लहान होणार का? 'घोडा'चे 'घोड्यावर' मात्र थोडे उशिराच आणावे, कारण तिथे मूळ शब्द बदलतो आणि जोडाक्षरही येते.

मोठ्या वर्गात हे कसे जमणार, हा प्रश्न रास्त आहे. जुन्या पुठ्ठ्यांची कार्डे आणि मुलांच्या जोड्या एवढ्यावर बरेच काम होते. एकाने शब्द सांगायचा, दुसऱ्याने जुळवायचा, वाचून पटला की दोघांनी वहीत लिहायचा. लिहिणे त्याच तासाला व्हायलाच हवे, नाहीतर कार्डे निव्वळ खेळ म्हणून राहतात. जुळवलेल्या शब्दांतून एखादे वाक्य मुलाने स्वतःचे करावे, मग ते 'माकड झाडावर बसले' इतकेच का असेना.

खरी अडचण कार्डांची नाही, आपल्या अपेक्षांची आहे. पालकांना भरलेली वही हवी असते, तपासायला येणाऱ्यांनाही तीच दिसते, आणि मग शिक्षक उतरवून घेण्याकडे वळतात. माझी या सर्वांना विनंती आहे: वही पाहाच, पण त्याबरोबर मुलाला त्याने आजवर न लिहिलेला, पण ओळखीच्या अक्षरांचा एखादा शब्द सांगा आणि मूल तो कसा जुळवते हे शेजारी बसून पाहा. अडले तर उत्तर सांगू नका, एक कार्ड पुढे सरकवा.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका