आई, तुझ्या डोळ्याची घाई मी का केली

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

फोनवर सांगायला गेले तर आई रडेल आणि बाबा 'बरं बरं' करून फोन ठेवतील, म्हणून लिहितेय. आधी एवढं वाचा: 1 जुलैपासून मला नोकरी आहे. आता मागचं सांगते.

आई, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन तू पावसाळ्यानंतर करू म्हणत होतीस. मी मार्चातच करायला लावलं, तू चिडलीस. कंपनीने मला फेब्रुवारीतच काढलं होतं. 31 मार्च शेवटचा दिवस, आणि कंपनीच्या विम्यात तुमची नावं त्याच दिवसापर्यंत होती.

काढलं म्हणजे कागदावर मीच राजीनामा दिला. पंधरा मिनिटांची ऑनलाइन मीटिंग. एचआरची मुलगी माझ्याहून दहा वर्षांनी लहान, समोरचं वाचून दाखवत होती. राजीनामा दिला तर दोन महिन्यांचा पगार, नाहीतर टर्मिनेशन. तो शिक्का पुढच्या नोकरीच्या व्हेरिफिकेशनमध्ये आडवा येईल म्हणून दिला. नऊ वर्षं राबून वर मीच तिला 'थँक यू' म्हटलं, त्याचा राग अजून जात नाही.

तुम्ही इथे होता तेव्हा मी आतल्या खोलीत हेडफोन लावून बसायचे. लॅपटॉप तुमच्या जावयांचा जुना होता, कंपनीचा केव्हाच परत गेलेला. कधी इंटरव्ह्यू असायचा, कधी अर्ज भरायचे, कधी नुसतीच बसलेली असायचे. आई काळा गॉगल लावून भिंतीला हात धरत यायची, कप दाराबाहेर ठेवायची आणि हलकेच म्हणायची, "अहो, टीव्ही बारीक करा, ताईची मीटिंग चालू आहे." एकदा मीटिंगबिटिंग काही नव्हती. तरी मी दार उघडलं नाही. तासाभराने उघडलं तर चहावर जाड साय धरली होती.

बाबा, तुमचं वेगळं होतं. साखर कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडला की तुम्ही घरी, ते पुन्हा बॉयलर पेटेपर्यंत. रिटेन्शनचे, म्हणजे बंद काळातले, चार पैसे यायचे, बाकी तुम्ही लोकांच्या विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करत हिंडायचात. पण पट्टा पडलाय हे सगळ्या गावाला ठाऊक असायचं. वाणी न विचारता वहीत मांडून घ्यायचा. माझा पट्टा पडला तेव्हा लिफ्टमध्ये कुणी "वर्क फ्रॉम होम का?" विचारलं की मी मान डोलवायचे. तुमच्यापासून लपवलं ते तुम्हाला काळजी नको म्हणून, हे निम्मंच खरं. 'आमची ताई पुण्याला मोठ्या कंपनीत आहे' असं तुम्ही पारावर सांगता ना, ते वाक्य मला मोडवेना.

पैशाचं म्हणाल तर ग्रॅच्युइटीने तारलं. हिशेब तुम्हाला पाठच आहे: मूळ पगार 50 हजार, गुणिले 15, भागिले 26, गुणिले 9 वर्षं. 2 लाख 59 हजार आले. ते हप्त्यासाठी बाजूला टाकले, पीएफला हात लावला नाही. तुम्हाला हंगामी म्हणून एका हंगामामागे 7 दिवसांचीच मिळाली होती, हे आकडे मांडताना आठवलं. तेव्हा तुम्ही पेढे आणले होते.

अर्ज किती केले ते मोजणं मी शंभरानंतर सोडलं. बहुतेकांकडून उत्तरच नाही, काहींकडून रात्री दोन वाजता आपोआप सुटलेला नकार. मी इतकी वर्षं सॉफ्टवेअरचं टेस्टिंग हातानेच केलं, आणि आता सगळ्यांना ऑटोमेशन, म्हणजे तेच काम प्रोग्राम लिहून करणं, येणारी माणसं हवीत. मग एप्रिल-मे ते शिकत बसले, पंचविशीतल्या पोरांचे व्हिडिओ बघून. शेवटी नोकरी मिळाली ती अर्जाने नाहीच. जुन्या टीममधल्या एकीने नाव सुचवलं. कंपनी बाणेरला आहे, लहान आहे, पगार आधीपेक्षा तीस टक्क्यांनी कमी. काम मात्र मला आवडतंय.

इथल्या विम्यात आई-वडील बसत नाहीत. पण जुन्या ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वेगळ्या पॉलिसीत तुम्हाला आधीच हलवलंय. तशी सोय असते आणि मागची वर्षं धरली जातात, नाहीतर बाबांच्या शुगरसाठी नव्याने तीन वर्षांपर्यंत थांबावं लागलं असतं. मार्चात ज्या कागदांवर सह्या घेतल्या ते हेच. 'बँकेचं आहे' म्हणाले होते, ते खोटं.

पुढच्या महिन्यापासून 12 ऐवजी 8 हजार पाठवीन. दिवाळीनंतर बघू. यावरून म्हैस विकायची भाषा काढू नका.

गौरीला येतेय, दोन दिवस जास्तच राहीन. आई, थेंब संपत आले असतील तर चिठ्ठीचा फोटो पाठव.

आणि बाबा, एक विचारायचंय. स्वारगेटला एसटीत बसताना तुम्ही म्हणालात, "बॉयलर चालू आहे ना गं?" मी हसून हो म्हटलं. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का?

तुमची,
ताई