कावीळ खरी, पण कोणती?

संपादक महोदय,

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझ्या दिराचे डोळे पिवळे झाले. आमच्या कळव्याच्या बिल्डिंगमध्ये आणखी दोघांना कावीळ होती, नळाला गढूळ पाणी येत होतं, त्यामुळे दोष पाण्यावर गेला. सासूबाईंनी गावाहून काविळीची माळ मागवली. घातली तेव्हा कंठाशी असलेली माळ आठव्या दिवशी छातीवर आली. "उतरतेय हो," म्हणत आम्ही निर्धास्त झालो. काड्या वाळून आकसतात, गाठी सैल पडतात आणि माळ लांबते, हे खूप नंतर कळलं. रक्त तपासलं ते तीन आठवड्यांनी. निघाली हिपॅटायटिस 'बी', म्हणजे विषाणूमुळे यकृताला सूज येऊन होणाऱ्या काविळीच्या पाच प्रकारांपैकी ('ए' ते 'ई') एक.

माझी धाकटी जाऊ, म्हणजे या दिराची बायको, तेव्हा सातव्या महिन्यात होती. 'बी' पाण्यातून येत नाही, एका ताटात जेवल्यानेही नाही. ती रक्तातून, दूषित सुईतून, दुसऱ्याच्या वस्तऱ्यातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जाते. तीन आठवडे आम्ही नवऱ्याचं पाणी उकळत बसलो आणि बायकोची तपासणी राहून गेली! सुदैवाने तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, लस सुरू झाली. बाळालाही जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत पहिला डोस मिळाला. नवजात बाळाला 'बी' झाली तर ती बहुतेक वेळा जन्मभर मुक्कामाला राहते, म्हणून त्या चोवीस तासांचं मोल फार.

शेजारच्या दोघांना मात्र 'ई' निघाली. ती आपल्याकडे मुख्यतः सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून पसरते आणि शेवटच्या महिन्यांतल्या गर्भारणीच्या जिवावर बेतू शकते. म्हणजे जावेला धोका दोन्हीकडून होता आणि आम्ही सगळं एकाच शब्दात गुंडाळलं होतं.

'ए'सुद्धा मुख्यतः अन्नपाण्यातून येते, पण तिच्यावर लस आहे. 'डी' फक्त 'बी' असलेल्यालाच होते. 'सी'वर लस नाही, पण साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी ती बहुतेकांची पूर्ण बरी होते. 'बी' आणि 'सी'ची तपासणी आणि उपचार 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत, हे आमच्या मजल्यावर एकालाही माहीत नव्हतं.

आपल्या दैनिकात 'काविळीची साथ' अशी बातमी येते, तेव्हा ती 'ए' आहे की 'ई', हे कृपया आरोग्य विभागाला विचारून छापा. आणि ज्या घरात गर्भवती आहे, त्यांच्यासाठी दोन ओळी वेगळ्या द्या.

— एक वाचक, कळवा (ठाणे)