जिनिंग बंद असताना प्रशिक्षण कशाचे?

महोदय,

चार श्रेयांकांच्या (क्रेडिटच्या) कार्यप्रशिक्षणात विद्यार्थ्यांना १२० तास काम करावे लागते. जळगाव-धुळ्याकडे हे तास मे-जूनमध्ये ठेवले, की जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने, बंद. पोरं जुनी बिले लावत बसतात. त्यांना दिवाळीनंतर पाठवा. तेव्हा कापसाच्या गाडीत आतपर्यंत हात घालून ओलावा मोजायला मिळतो. तो ८ टक्क्यांवर गेला की भाव कापला जातो, १२ च्या पुढे सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) माल घेत नाही. वरचाच वाळलेला थर मोजला तर आकडा हमखास फसवतो. नोंदवहीवर पर्यवेक्षकाची सही रोजच्या रोज हवी. शेवटच्या आठवड्यात एकाच पेनाने भरलेली वही तोंडी परीक्षेत लगेच उघडी पडते. विद्यापीठाने वेळापत्रक हंगामाशी जुळवावे, ही कळकळीची विनंती.

– एक प्राध्यापक, चोपडा