तीन पट्टे आणि एक वाकडा शाफ्ट

आंजर्ले,
१८ ऑक्टोबर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझा फोन आला तेव्हा मी गवत कापायच्या ट्रॅक्टरखाली उताणा पडलो होतो, म्हणून धड बोलता आलं नाही. "भंगारात घाल आणि मोकळा हो," असं तू म्हणालास. ते दोन दिवस डोक्यातून गेलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय. तो आता चालू झालाय. तिसरा पट्टा तू पुण्याहून एसटीच्या पार्सलने धाडलास, तेव्हा नेमकं काय झालं होतं हे कळण्याचा पहिला हक्क तुझाच.

आधी एक सांगतो. हे यंत्र माझ्यासाठी हौसेचं नाही. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत वणवा बागेचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, ओलांडून आत आला आणि आमची अकरा कलमं होरपळली, हे तुला माहीत आहे. पावसाळ्यात कमरेएवढं वाढलेलं गवत वाळायच्या आत, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे कापलं नाही, तर बागेत आपणच सरपण रचून ठेवल्यासारखं होतं. मजूर मिळत नाहीत. खांद्यावरचा ग्रासकटर बाबांना आता पेलत नाही, चौऱ्याहत्तरी झाली त्यांची. पण यावर बसून ते खालचा सपाट तुकडा एकटे करतात, आणि त्या निमित्ताने रोज प्रत्येक कलमाशी जाऊन येतात. बंद पडलेल्या रिसॉर्टमधून तो जुना ट्रॅक्टर उचलला, तो यासाठीच.

चार महिने तो पडवीत उभा होता. टाकीत पेट्रोल तसंच राहिलं होतं, ही माझी चूक. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते आपल्या दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. इंजिनात पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या वाटीत तळाला पांढरी खर साचली होती. त्यातलं पेट्रोलचं बारीक भोक, म्हणजे जेट, साफ केला, पेट्रोल बदललं, तेवढ्यावर इंजिन सुरू झालं. खरा त्रास पुढेच होता.

पाती फिरवणारा पट्टा दुसऱ्याच दिवशी उसवला. नवा घातला, तो तीन दिवसांत पुलीवरून उतरून पिळला गेला. मला वाटलं ताण देणारी पुली झिजली असेल, म्हणून ती बदलली. मग तुझा पट्टा चढवला आणि तासाभरात जळक्या रबराचा वास. त्या संध्याकाळी मी खरंच भंगारवाल्याला विचारणार होतो.

हर्णै बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. बोटी समुद्रात गेलेल्या, त्यांना जरा सवड होती. आले, खाली वाकले, पट्ट्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "बोटीचा शाफ्ट वाकला की ग्लँडमधून पाणी येतं. माणूस पॅकिंग बदलत बसतो. पॅकिंग काय करणार?" ग्लँड म्हणजे शाफ्ट बोटीबाहेर जातो ती जागा, आणि पॅकिंग म्हणजे पाणी अडवायला तिथे भरतात ते. इंजिन चुकून सुरू होऊ नये म्हणून आधी प्लगची टोपी काढायला लावली, बॅटरीची निगेटिव्ह सोडवली, मगच पात्याला हात लावला.

मग त्यांनी जे केलं ते तुला आवडेल. पात्याच्या टोकापाशी एक वीट उभी केली आणि विटेपासून टोक किती वर आहे ते मोजलं. पातं अर्धा फेरा फिरवून दुसरं टोक त्याच जागी आणून मोजलं. सात मिलिमीटरचा फरक! मी म्हटलं, पातं वाकलंय. त्यांनी पातं ज्या उभ्या दांड्यावर बसतं त्या शाफ्टवर खडूने खूण केली, पातं सोडवलं, अर्धा फेरा वळवून पुन्हा बसवलं. पातं वाकडं असतं तर खाली आलेली बाजू पात्याबरोबर फिरली असती. ती खडूच्या खुणेशीच राहिली. शाफ्ट वाकडा. वरची पुली डुलत होती आणि पट्टा कडेवर घासून मरत होता.

एवढा जाड शाफ्ट वाकतो कसा? एकवीस इंचांचं पातं मिनिटाला तीन हजार फेरे घेतं असं धर, टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटरपर्यंत जातो. त्या वेगात जांभ्याचा चिरा लागला की पुरे. चाचांनी "दगड लागला होता का?" असं विचारलं आणि बाबा खाली बघत राहिले. मे महिन्यात गडग्याचा एक चिरा गवतात घरंगळला होता, त्याच्यावर गेला होता ट्रॅक्टर. त्यांनी सांगितलं नव्हतं, कारण त्याआधी मडगार्ड चेपलं तेव्हा मी त्यांच्यावर ओरडलो होतो. ते ओरडणं मी विसरलोही होतो. तीन पट्ट्यांचे पैसे गेले त्याचं काही नाही, हे मात्र फार लागलं रे. रात्री त्यांच्याजवळ बसून बोललो.

शाफ्ट दापोलीच्या लेथवर ईएन-एट पोलादातून नवा करून घेतला, बेअरिंगच्या जागी बरोबर २० मिलिमीटर. बेअरिंगचं घर ॲल्युमिनियमचं. त्याला भेग आहे का ते चाचांनी रॉकेल लावून, पुसून, वर खडू घासून बघितलं. भेग असती तर रॉकेल खडूवर उमटलं असतं. नव्हती. डेकच्या, म्हणजे पात्यांवरच्या पत्र्याच्या झाकणाच्या, आतल्या बाजूला ओल्या गवताचा थर चिकटून पत्रा दोन ठिकाणी कुजला होता. तो खरवडून तीन मिलिमीटर जाड पत्र्याचे तुकडे वेल्ड केले, गंजू नये म्हणून रेड ऑक्साइड मारलं. सीटखालचा स्विच कुणीतरी वायर जोडून बंद करून टाकला होता. तो मी पुन्हा चालू केला. बाबा सीटवरून उठले की पाती थांबलीच पाहिजेत.

काल त्यांनी अख्खा खालचा तुकडा कापला. मी पुढे चालत दगड वेचत होतो.

दिवाळीत येतोयस ना? येताना ६२०४ नंबरची चार बेअरिंगं आण. दुसऱ्या पात्याचा शाफ्ट सरळ आहे, पण हाताने फिरवला की घरघर येते. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मित्र

ता. क. बेअरिंगवर 'टू आरएस', म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, लिहिलेलं बघूनच घे. झेडझेड नको. त्यांची झाकणं पत्र्याची असतात, आपल्या खाऱ्या हवेत टिकत नाहीत.