मायस्कीला दोन ओळीत निकालात काढू नका

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला विचारसरणी बदलणाऱ्या नेत्यांवरचा लेख वाचला. लेख तसा चांगलाय, पण सोव्हिएत राजदूत इवान मायस्कीला ‘वारा येईल तशी पाठ देणारा’ म्हणून दोन ओळीत उडवून लावलंय ते काही पटलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

आरोप अगदीच खोटा आहे असं मी म्हणत नाही. मायस्की मूळचा मेन्शेविक, म्हणजे लेनिनच्या बोल्शेविकांचा भाऊबंद आणि त्यामुळेच पक्का वैरी. खरं आडनाव ल्याखोवेत्स्की, वडील ज्यू वंशाचे, लष्करात डॉक्टर, लहानपण सैबेरियात ओम्स्कला गेलं. १९१८ साली समारामध्ये बोल्शेविकांच्या विरोधात जे सरकार उभं राहिलं त्यात हा गडी चक्क कामगार मंत्री झाला, त्यापायी त्याच्या स्वतःच्या पक्षानेसुद्धा त्याला काढून टाकलं, मग बोल्शेविकविरोधी ॲडमिरल कोल्चाकने सत्ता बळकावल्यावर जीव वाचवून मंगोलिया गाठलं, तिथे फिरून त्या देशावर पुस्तक लिहिलं आणि १९२१ मध्ये शेवटी बोल्शेविक पक्षातच गेला. तीन वर्षांत एवढं सगळं! लेखकाने इथेच पेन खाली ठेवलंय. खरी गोष्ट तर इथून पुढे आहे.

१९३२ ते १९४३ अशी अकरा वर्षं तो लंडनला सोव्हिएत राजदूत होता. चर्चिल, ईडन, बर्नार्ड शॉ, सगळ्यांकडे उठबस. आणि रोज काय घडलं ते डायरीत लिहायचा, स्टालिनच्या काळात! लोक साधी पत्रं जाळून टाकत होते तेव्हा.

त्या डायरीतला एक प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. फेब्रुवारी १९४१, चाइम वाइझमन (पुढे इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले ते) त्याला भेटायला आले ते संत्र्यांचा विषय घेऊन. युद्धामुळे पॅलेस्टाइनच्या संत्र्यांना गिऱ्हाईक नाही, तर रशियाने ती घ्यावीत आणि बदल्यात फर द्यावी. मायस्कीने काही फार आशा दाखवली नाही. मग संत्र्यांवरून बोलणं युरोपातल्या ज्यूंवर गेलं आणि वाइझमन यांच्या बोलण्यात नुसती काळजी. बघा ना, दोघंही झारच्या साम्राज्यात जन्मलेले, एकाने ज्यूंचा प्रश्न सोडवायला वेगळा देश मागितला, दुसऱ्याला वाटलं समाजवाद आला की तो प्रश्न आपोआप मिटेल.

तो मिटला नाही हे त्याला स्वतःच्या अंगावर कळलं. मे १९३९ मध्ये ज्यू परराष्ट्रमंत्री लिटविनोव्हला, म्हणजे लंडनच्या जुन्या दिवसांपासूनच्या मित्राला, पदावरून हटवलं, ऑगस्टमध्ये हिटलरशी करार झाला आणि इतकी वर्षं हिटलरविरुद्ध आघाडी करा म्हणून इंग्रजांच्या मागे लागलेल्या मायस्कीला तो करार लंडनमध्ये बसून निस्तरावा लागला. इथे मला त्याचा रागही येतो, राजीनामा का नाही दिला? पण तेव्हा स्टालिनने मॉस्कोला परत बोलावलेले किती राजदूत जिवंत राहिले हे बघितलं की प्रश्न विचारणं सोपं वाटतं.

१९ फेब्रुवारी १९५३ ला त्याला अटक झाली, वय ६९. ज्यू डॉक्टरांवर कटाचे आरोप लावून धरपकड चालू होती तेच दिवस. इंग्रजांचा हेर असल्याचं त्याच्याकडून कबूलही करून घेतलं. बत्तीस वर्षं बोल्शेविक राहून, महायुद्धातल्या विजयाच्या कामात एवढा वाटा उचलून शेवटी हे. दोनच आठवड्यांनी स्टालिन गेला, तरी सुटायला १९५५ उजाडलं, आणि जप्त केलेली डायरी सरकारी दप्तरातच पडून राहिली.

आता लेखकाला माझी एकच विनंती, पुढच्या वेळी या माणसाबद्दल लिहाल तेव्हा १९२१ बरोबर १९६६ पण लिहा. त्या वर्षी स्टालिनला परत मोठं करू नका म्हणून २५ शास्त्रज्ञ, लेखक, कलावंतांनी तेव्हाचे सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांना पत्र पाठवलं, अणुशास्त्रज्ञ सखारोव्ह होते त्यात. एक सही ८२ वर्षांच्या मायस्कीची आहे.

आपला,
एक नियमित वाचक